गोव्यात ट्यूब अँप वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे गिटारचे अँप्लिफायर, दुरुस्त करतो. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आणि नंतर डिसेंबर तोंडावर आला की गिटारवाल्यांचे फोन वाढतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. पुढे वाचताना एक गोष्ट वारंवार दिसेल: अँप बिघडला की लोक आधी ट्यूबवर संशय घेतात, आणि गोव्यात दोष बहुतेक वेळा प्लग, अर्थिंग, सॉकेट किंवा गंजलेल्या जॅकमध्ये निघतो. ट्यूबचा सेट महाग असतो. तो मागवण्याआधी फुकटात तपासता येतं ते तपासा.

आणखी एक, आणि ही थट्टेची बाब नाही. ट्यूब अँपच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं. प्लग काढल्यावरही कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) ते धरून ठेवतात. खाली जिथे 'मागून बघा' म्हटलं आहे तिथे फक्त बघायचं आहे. चेसिस (आतली धातूची चौकट) बाहेर काढायचं काम ज्याला कंडेन्सर रिकामे करून मीटरने खात्री करता येते त्यानेच करावं.

ट्यूब अँपमध्ये नक्की काय असतं?

छोट्या प्रीअँप ट्यूब (बहुतेक १२एएक्स७, तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात) गिटारचा बारीक सिग्नल वाढवतात. मोठ्या पॉवर ट्यूब (ईएल८४, ईएल३४, ६व्ही६, ६एल६ यांपैकी काही) त्याला ताकद देतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती ताकद स्पीकरला झेपेल अशा रूपात पोचवतो. काही अँपमध्ये रेक्टिफायरही (एसीची डीसी करणारा भाग) ट्यूबचा असतो. वाद्य जोरात वाजवलं की ट्यूब सिग्नलचे कोपरे हळूहळू गोल करत दाबते, एकदम छाटून टाकत नाही. कानाला आवडतं ते हे.

किती वॅटचा घ्यावा?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० वॅटचा अँप १५ वॅटच्या दुप्पटही मोठा नसतो, पण वजन आणि किंमत मात्र दुपटीच्या पुढे जाते. दोन ईएल८४ असलेला १५ वॅटचा अँप आणि १२ इंची चांगला स्पीकर ड्रमबरोबर आरामात ऐकू येतो. त्यापुढे हॉल मोठा असेल तर माइक लावा आणि पीएवर (हॉलच्या मोठ्या स्पीकरांवर) घ्या.

शिवाय ट्यूब अँपचा खरा सूर आवाज थोडा चढवल्यावरच निघतो. १०० वॅटचा अँप दोनवर ठेवून वाजवणाऱ्याला तो सूर कधी भेटतच नाही. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम २००० सालापासून आहे. गोव्यात पार्टीवाल्यांना तो पाठ आहे. मोठा अँप घेऊन तो 'उघडायची' संधी इथे फार थोड्या जागी मिळते.

जहाजावरच्या भावाने अमेरिकेतून अँप आणलाय. इथे चालेल?

तारवटी माणूस घरात असला की हा प्रश्न येतोच. मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल. काही अँपच्या ट्रान्सफॉर्मरला आतून २३० चे टॅप दिलेले असतात, तेव्हा जाणकाराकडून तारा बदलून घेणं सगळ्यात उत्तम. तसं नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. पट्टीवर जितके व्हीए किंवा वॅट लिहिलेत त्याच्या दुपटीचा घ्यावा, म्हणजे तो तापत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, तीन पिनी आहे ना आणि अर्थची तार आतून खरोखर पुढे जोडलेली आहे ना. बाजारातले कितीतरी स्टेप-डाउन वरून तीन भोकांचे आणि आतून दोन तारांचे असतात. दुसरी, फ्रिक्वेन्सी. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि स्टेप-डाउन ती बदलत नाही. फक्त ६० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि स्वतःच गुरगुरतो. अशा वेळी १२० ऐवजी ११० व्होल्ट दिले तर त्याला थोडा दम मिळतो आणि ट्यूबमधल्या हीटरलाही (तिला तापवणाऱ्या तारेलाही) ते चालतं. जपानी अँप १०० व्होल्टचे असतात, त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर.

चालू-बंद करायचा क्रम काय? स्टँडबाय कशाला असतो?

आधी स्पीकर जोडलाय का बघा. मग स्टँडबायवर (हीटर तापतो, पण मोठं व्होल्टेज ट्यूबपर्यंत जात नाही) ठेवून पॉवर चालू करा, एखादं मिनिट थांबा, मग स्टँडबाय काढा. बंद करताना आवाज शून्यावर आणून पॉवर बंद केलीत की झालं. चहाला जाताना अर्धा तास स्टँडबायवर ठेवायची सवय मात्र सोडा. हीटर तापलेला आणि प्लेटवर (ट्यूबमधल्या पत्र्याच्या नळीवर) व्होल्टेज नाही, अशा स्थितीत तासन्‌तास ठेवलं तर कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होतो. पाच-दहा मिनिटांचा ब्रेक असेल तर चालूच राहू द्या, लांबला तर पूर्ण बंद करा. ट्यूबचा रेक्टिफायर असलेल्या बऱ्याच अँपला स्टँडबायची तशी गरजही नसते, कारण तो रेक्टिफायर स्वतःच हळू तापतो.

स्पीकर न जोडता चालू केला तर काय होतं?

आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो अँपमधला सगळ्यात महागडा भाग. भार नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला व्होल्टेज भलतंच उसळतं आणि वेढ्यांमध्ये किंवा ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. ट्यूब अँपला उघडं सर्किट शॉर्टपेक्षा वाईट. ट्रान्झिस्टर अँपला नेमकं उलट. 'हेडफोनवर ऐकायचंय म्हणून स्पीकर काढला' हे कारण मी किती वेळा ऐकलंय! लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार देणारा डबा) नसेल तर स्पीकर काढायचा नाही.

४, ८, १६ ओहम यातलं कोणतं भोक?

स्पीकरच्या मागे लिहिलेल्या आकड्याशी जुळणारं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४, एकापाठोपाठ जोडले तर १६. नाइलाजाने एक पायरी इकडेतिकडे झालीच तर अँपवरच्या आकड्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर एखादी रात्र बहुतेक वेळा निभावतो. जास्तीच्या बाजूला जाऊ नका.

गिटारची केबल स्पीकरला लावली तर?

प्लग सारखाच दिसतो, म्हणून ही गफलत होते. गिटारच्या केबलमधली आतली तार केसासारखी बारीक असते. स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. ती गरम होऊन तुटली की मामला स्पीकर न जोडल्याच्या वरच्या प्रश्नावर येतो. स्पीकरच्या केबलला रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

गाताना माइकला ओठ लागला की शॉक बसतो. अँप खराब आहे का?

बहुतेक वेळा अँप ठीक असतो आणि घरची किंवा स्टेजची अर्थिंग बेपत्ता असते. गिटारच्या तारा अँपच्या चेसिसला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या चेसिसला. दोन्ही नीट अर्थ असतील तर दोन्ही एकाच पातळीवर राहतात. एकाची अर्थ तुटली किंवा दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असले की मधला फरक तुमच्या हातातून ओठात जातो. हा फरक झिणझिण्यांपुरता असू शकतो आणि जीव घेण्याइतकाही.

तपासायचं कसं? मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एकदोन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त दाखवत असेल तर गाणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. फक्त टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आता गोव्याची गोष्ट. जुन्या घरांत, देवळाच्या सभामंडपांत, काही चॅपलांत दोन तारांचं वायरिंग अजून आहे; भोकं तीन, पण वरच्या भोकामागे काहीच नाही. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही एप्रिल-मे महिन्यांत चिऱ्याची जमीन इतकी सुकते की अर्थ नावापुरती उरते. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, हे कमिटीतल्या कोणाला तरी आठवण करून द्या. स्टेजवर अँप, मिक्सर, कीबोर्ड सगळं एकाच बोर्डावरून घ्या. आणि बोर्डाच्या आधी ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारं स्विच) असू द्या.

गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन कापणारे, तिथे टेप लावणारे, दोन पिनी अडॅप्टर घालणारे महाभाग प्रत्येक बँडमध्ये एक असतो. त्याला थांबवा. तसंच साठ-सत्तरच्या दशकातला दोन तारांचा अमेरिकी अँप हाती आला तर आधी तीन तारांची केबल बसवून घ्या आणि मेनपासून चेसिसला जोडलेला तो छोटा कंडेन्सर काढून टाकायला सांगा. तो बिघडला तर पूर्ण मेन थेट तुमच्या गिटारच्या तारांवर येते.

व्होल्टेज वरखाली होतं. स्टॅबिलायझर लावू का? जनरेटर, इन्व्हर्टर चालतो का?

ट्यूबचा हीटर ६.३ व्होल्टचा, दहा टक्के इकडेतिकडे त्याला चालतं. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या अँपला भिंतीतून २५५ आले तर हीटरवर जवळपास ७ जातात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. २०० आले तर साडेपाचच्या आसपास राहतात आणि आवाज मरगळतो. घरी महिनाभर वेगवेगळ्या वेळी मीटर लावून बघा. सारखं २४५ च्या वर असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ आहे. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर वाजवतानाच खट्‌कन गिअर बदलतो आणि ते ऐकू येतं.

जनरेटर चालतो, पण तो आधी चालू होऊन स्थिर होऊ द्या, मग अँप लावा. सगळे दिवे एकदम बंद झाले की जनरेटरचं व्होल्टेज उसळतं, म्हणून कार्यक्रम संपला की अँपचा प्लग दिव्यांच्या आधी निघाला पाहिजे. घरचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असेल तरच वापरा. चौकोनी वेव्हवर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि तापतो. अँप काही न वाजवताही बरीच वीज खातो: दोन ईएल३४ आणि तीन १२एएक्स७ यांचे नुसते हीटरच २५ वॅटच्या घरात जातात.

मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडकडायला लागल्या की प्लग भिंतीतून उपटा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जून ते सप्टेंबर हा अँपचा खरा वैरी. वापरलात तर तो टिकतो, झाकून ठेवलात तर बिघडतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालू करा, वाजवलं नाही तरी चालेल. ट्यूबची उष्णता आतली ओल हाकलते. अँप जमिनीवर आणि बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी स्टुलावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते. सुती कापडाचं आच्छादन घाला. सिलिका जेलच्या पुड्या मागे टाकल्या तर त्या महिन्याने भरतात. तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात.

आवरणावर बुरशी आली तर कोरड्या कापडाने पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचं ओलसर कापड फिरवा. आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का बघा.

एक चूक हॉटेलात वाजवणारे फार करतात. एसी हॉलमध्ये थंडगार झालेला अँप पावसाळी दमट हवेत आणला की धातूवर आणि ट्रान्सफॉर्मरवर दव धरतं. दुसऱ्या जागी पोचल्याबरोबर चालू करू नका. तासभर उघडा ठेवा.

शॅकमध्ये, किनाऱ्यावर वाजवतो. खाऱ्या हवेने काय होतं?

शापोऱ्याकडच्या एका शॅकमधून आलेला अँप आठवतो. तक्रार होती 'ट्यूब गेल्या'. पॉवर ट्यूब उपसली तेव्हा सॉकेटच्या पिनांना हिरवी पुटं चढलेली, इनपुट जॅकची पत्ती काळी, आणि फ्यूजहोल्डरमध्ये सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला मेलेला फ्यूज. ट्यूब चारही उत्तम होत्या. सॉकेट साफ करून पत्त्या आवळल्या, जॅक बदलला, योग्य फ्यूज घातला, अँप गेला परत.

म्हणून किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांनी दर पावसाळ्याआधी आणि नंतर सॉकेट, जॅक, पॉट (नॉबमागचे फिरते भाग) यांना इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्यावा. बाइकच्या चेनचा स्प्रे नको, पॉलिश पेपर तर नकोच. पिनेवरचा मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो. अँपची पाठ समुद्राकडे राहील असा ठेवू नका, कारण ट्यूब उघड्या असतात त्या पाठीमागूनच. समुद्राकडून येणारी फवारी तापलेल्या काचेवर पडली तर काच तडकते.

आत मुंग्या, पाल, झुरळं...

येतात. उबेला येतात. मुंग्यांनी सॉकेटमध्ये केलेलं मातीचं घर शॉर्टला पुरतं आणि पालीची शेपटी दोन पिनांमध्ये आली तर फ्यूज उडतो (पालीचं काय होतं ते सांगायला नको). मागच्या उघड्या भागाला बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. हवा मात्र अडता कामा नये.

ट्यूब किती टिकतात? बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

नेमाने कार्यक्रम करणाऱ्याच्या पॉवर ट्यूब साधारण एक ते तीन वर्षं. घरी वाजवणाऱ्याच्या त्याहून खूप जास्त. प्रीअँप ट्यूब तर दशक सहज काढतात. त्या दरवर्षी बदलायला सांगणाऱ्याला बहुधा ट्यूब विकायच्या असतात. पॉवर ट्यूब थकल्या की खर्ज सैल होतो, आवाज बसतो, पूर्वीइतका जोर येत नाही. ट्यूबच्या काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली आहे. ती ट्यूब संपली.

ट्यूबमध्ये निळा प्रकाश दिसतो. घाबरायचं का?

काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखी निळी झाक असेल तर नाही, चांगल्या ट्यूबमध्येही ती दिसते. आतल्या भागांमध्ये जांभळट-गुलाबी धूसर प्रकाश दिसला तर आत वायू झाला आहे, बदला. आणि प्लेट, म्हणजे आतली मोठी करडी पत्र्याची नळी, लालबुंद झाली तर तत्काळ बंद करा. बायस गेला असेल, ट्यूब शॉर्ट असेल किंवा कपलिंग कंडेन्सर गळत असेल. 'गाणं संपवून बंद करतो' म्हणालात तर ट्रान्सफॉर्मर धरून जाईल.

बायस म्हणजे काय? प्रत्येक वेळी करावा लागतो का?

पॉवर ट्यूबमधून विश्रांतीच्या वेळी किती करंट वाहावा, हे ठरवणं म्हणजे बायस. कमी ठेवला तर आवाज कोरडा आणि चिरका, जास्त ठेवला तर ट्यूब लवकर जळते. प्रीअँप ट्यूब बदलताना बायस लागत नाही. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या (करंट स्वतःच सावरणाऱ्या) अँपमध्ये जुळलेल्या, म्हणजे सारखा करंट वाहणाऱ्या, ट्यूब घातल्या की पुरतं. फिक्स्ड बायसच्या (बाहेरून ठरवून दिलेल्या) अँपमध्ये पॉवर ट्यूब बदलल्या की तपासायलाच हवा. काही अँपमध्ये बायस फिक्स्ड असूनही फिरवायचा स्क्रू नसतो, फेंडरचा ब्लूज ज्युनिअर मूळ रूपात तसाच. तिथे ट्यूब निवडून घालाव्या लागतात.

हिशेब सोपा आहे. ईएल३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसते. क्लास एबीच्या अँपमध्ये त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत जायचं, म्हणजे साडेसतरा वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट मोजले तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे सुमारे ३९ मिलीअँप प्रत्येक ट्यूबला. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर बसवलेला असेल तर मीटरवर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँप. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या आणखी एका जाळीचा) करंटही धरला जातो, त्यामुळे प्लेटचा खरा आकडा थोडा कमी, ते बरंच. ६एल६जीसीला ३० वॅट, ईएल८४ ला १२ वॅट धरा. माझं मत विचाराल तर गोव्याच्या उन्हाळ्यात ७० पर्यंत जाऊ नका, ६० ते ६५ टक्क्यांवर थांबा. कानाला फरक जवळजवळ कळत नाही, ट्यूबला कळतो.

६एल६ च्या जागी ईएल३४ घालू का? भोकं तर तीच.

भोकं तीच, आतलं जग वेगळं. ईएल३४ चा हीटर दीड अँपिअर खातो, ६एल६ चा ०.९, बायस वेगळा, आणि ईएल३४ ला पिन १ आणि ८ जोडलेल्या लागतात. अँप दोन्हींसाठी बनवला असेल तरच. ६व्ही६ च्या छोट्या अँपमध्ये ६एल६ घालणं हाही असाच ट्रान्सफॉर्मर तापवायचा धंदा.

ट्यूब कोणत्या घ्याव्या?

आज नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. स्लोव्हाकियातल्या जेजेच्या पॉवर ट्यूब माझ्या अनुभवात दणकट. पॉवर ट्यूब जुळलेली जोडीच घ्या. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची आणि त्यांपैकी न वापरलेले अजून कधीकधी जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या कपाटात सापडतात. मिळाले तर तपासून घ्या, चांगले असतात. 'पन्नास वर्षांपूर्वीचा जर्मन माल' म्हणून ऑनलाइन हजारोंना विकतात त्यावर मात्र बिनधास्त शंका घ्या. काचेवरचा छाप पुसून नवा मारणं फार सोपं आहे.

अँप चालूच होत नाही.

दुसरं काही त्या प्लगवर लावून बघा. मग मेन केबल बदलून बघा. मग प्लग काढून फ्यूज बघा, आणि डोळ्याने नको, मीटरने. फ्यूज गेला असेल तर मागे लिहिलेल्या आकड्याचाच आणि तितकाच सावकाश उडणारा घाला. त्यावर टी लिहिलेलं असतं. साधा झटपट फ्यूज चालू करतानाच्या झटक्यात उडतो.

नवा फ्यूजही लगेच उडाला.

तिसरा घालण्याआधी थांबा. अँप बंद आणि थंड करून सगळ्या पॉवर ट्यूब काढा, ट्यूबचा रेक्टिफायर असेल तर तोही, आणि नवा फ्यूज घाला. टिकला तर काढलेल्यांपैकी एखादी ट्यूब शॉर्ट आहे. तरीही उडाला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड किंवा कंडेन्सर, आणि ते तुमचं काम नव्हे. जाडी तार, चांदी, खिळा: हे उपाय म्हणजे स्वस्तातल्या फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळणं.

सतत गुणगुण येते.

केबल काढा. गेली? मग दोष गिटार, केबल किंवा खोलीत. सिंगल कॉइल पिकअप खोलीतली सगळी घाण गोळा करतं: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, आणि चवथीच्या दिवसांत माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताभोवतीच्या) स्वस्त एलईडी माळा. एकेक बंद करून बघा, चोर सापडतो. गिटार घेऊन जागेवरच थोडं वळलं तरी गुणगुण कमीजास्त होते.

केबल काढूनही राहिली तर आवाजाचा सूर ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हीटर किंवा ग्राउंडची गुणगुण खोल, ५० ची. फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारे) थकले तर १०० हर्ट्झची, थोडी वरची आणि खरबरीत. पहिली अनेकदा एक प्रीअँप ट्यूब बदलून जाते. दुसरी कधीकधी पॉवर ट्यूबची जुळलेली जोडी घालून जाते, नाहीतर फिल्टर कंडेन्सर बदलावे लागतात. पंधरा-वीस वर्षं झाली असतील तर वाट न बघता बदला. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला अँप थेट चालू करू नका. जाणकाराकडे नेऊन व्हेरिअ‍ॅकवर हळूहळू व्होल्टेज चढवून घ्या.

खरखर, कडकड, शिट्टी?

नॉब फिरवताना खरखरला तर पॉटमध्ये धूळ किंवा गंज, क्लीनर मारा. काहीच न करता तळल्यासारखा आवाज येत असेल तर प्रीअँप ट्यूब किंवा एखादा जुना रेझिस्टर. आवाज चढवल्यावर शिट्टी किंवा घंटेसारखी टिणटिण आली तर ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका प्रीअँप ट्यूबवर हलकी टिचकी मारा. जिच्यावर मारल्याबरोबर स्पीकरमध्ये ठणकन वाजेल ती. थोडासा टकटक आवाज पहिल्या ट्यूबमध्ये नेहमीच येतो, तेवढ्यावरून तिला फाशी देऊ नका. तिची जागा फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबच्या लगेच आधीच्या) ट्यूबशी बदला. तिथे ती गप्प बसते आणि नवी घ्यायची गरज पडत नाही.

वाजवताना आवाज मध्येच जातो आणि परत येतो.

अँपला मागे इफेक्ट लूप (पेडल मध्ये जोडायची सेंड आणि रिटर्न ही दोन भोकं) असेल तर सेंड आणि रिटर्न यांच्यात एक छोटी केबल लावून बघा. आवाज परत आला? मग रिटर्न जॅकमधली आपोआप जुळणारी पत्ती गंजली आहे. गोव्यात हा दोष इतका सर्रास आहे की मी पहिल्यांदा हेच बघतो. क्लीनर मारून प्लग दहा-वीसदा घालून-काढून बघा.

रिव्हर्ब गायब.

रिव्हर्बचा घुमणारा आवाज देणाऱ्या, अँपच्या तळाशी असलेल्या स्प्रिंगच्या डब्याच्या दोन केबली निखळल्यात का बघा. अँप हलकेच हलवल्यावर धडाम्‌ आवाज आला तर स्प्रिंग आणि पुढचा भाग ठीक आहे, सिग्नल तिथवर पोचत नाही.

घरी शेजाऱ्यांना त्रास न देता कसा वाजवू?

मास्टर व्हॉल्यूम असेल तर तो खाली, गेन वर. नसेल तर स्पीकर आणि अँपच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर (काही ताकद शोषून घेणारा डबा), अँपच्या ओहमशी आणि वॅटशी जुळणारा. अ‍ॅटेन्युएटर लावून सगळं दहावर ठेवलं की ट्यूब मात्र पूर्ण राबतात. आवाज कमी झाला म्हणून झीज कमी होत नाही.

कीबोर्ड किंवा भजनाचा माइक त्यातून चालेल का?

चालेल, वाईट वाजेल. गिटार स्पीकरला पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही, गाणाऱ्याचा शब्द कळणार नाही.

नेताआणताना?

बंद करून ट्यूब हाताला सोसतील इतक्या थंड होऊ द्या. तापलेली ट्यूब धक्क्याला फार नाजूक असते. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपास, एसी३० त्याहून जड. दोघंही पायलटच्या (गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसत नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. फेरीबोटीतून नेताना गाडीतच राहू द्या, रेलिंगजवळ नको.

दुरुस्तीला आणताना सोबत काय आणू?

अँपबरोबर तुमची गिटार, तुमचीच केबल, पेडल वापरत असाल तर तीही. दोष कधी येतो ते लिहून आणा: लगेच, तापल्यावर, का फक्त अमुक ठिकाणी. 'फक्त अमुक देवळात' असं उत्तर आलं तर मी अँप न उघडता तिथली अर्थिंग बघायला सांगेन. उडालेला फ्यूज फेकू नका, आणा. काच आतून काळी किंवा चांदी उडाल्यासारखी झाली असेल तर शॉर्ट मोठा होता. तार मधोमध नुसती वितळून तुटली असेल तर भार हळूहळू वाढत गेला होता. त्यावरून कुठून शोधायला सुरुवात करायची ते ठरतं.